मानसशास्त्रीय चाचणी : ती काय सांगते, काय सांगत नाही

कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

डॉक्टरांनी रक्त तपासून घ्यायला सांगितले, तर आपण फारसे विचलित होत नाही. सुई टोचली जाईल, नळीवर नाव लिहिले जाईल आणि उद्या-परवा अहवाल मिळेल, हे आपणांस ठाऊक असते. परंतु ‘मुलाची मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या’ किंवा ‘आजोबांच्या स्मरणशक्तीची चाचणी करू या’ असे सांगितले गेले, की घरात एकदम शांतता पसरते. मुलावर कायमचा शिक्का बसेल का? शाळेला, नातेवाइकांना, कार्यालयाला कळेल का? या भीतीपोटी अनेक कुटुंबे तो कागद घडी घालून कपाटात ठेवून देतात. ज्या काळात मदत मिळू शकली असती, तो काळ असाच निघून जातो.

याच्या उलट चूकही घडते. काही कुटुंबे चाचणीतून आलेल्या एका आकड्यावर इतका विश्वास ठेवतात, की त्यापुढे समोरचे मूल दिसेनासे होते. भय आणि अंधविश्वास ही दोन्ही टोके टाळता यावीत, यासाठी हे पत्रक आहे. चाचणी म्हणजे काय, तिचे प्रकार कोणते, ती कोणत्या तत्त्वांवर उभी असते आणि आपले हक्क कोणते, हे यात क्रमाने सांगितले आहे.

चाचणी म्हणजे काय?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या घरातील रोजचे ज्ञान आहे. मानसशास्त्रीय चाचणीही तसेच काम करते. व्यक्तीची सारी बुद्धी, सारी स्मृती किंवा सारा स्वभाव मोजणे कोणालाही शक्य नाही. म्हणून काही निवडक प्रश्न, कोडी, चित्रे किंवा कामे ठरावीक पद्धतीने दिली जातात, उत्तरांना ठरावीक नियमांनी गुण दिले जातात आणि त्या छोट्या नमुन्यावरून अनुमान काढले जाते. भांड्यातील शीत नीट निवडले, तरच परीक्षा खरी ठरते. नमुना चुकीचा घेतला, तर अनुमानही चुकते.

येथे दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा. ‘चाचणी’ हे एक साधन आहे. ‘मूल्यमापन’ ही संपूर्ण प्रक्रिया आहे. तीत चाचणीबरोबरच आई-वडिलांशी किंवा रुग्णाशी बोलणे, जन्मापासूनचा इतिहास, शाळेच्या वह्या, शारीरिक तपासणी आणि प्रत्यक्ष निरीक्षण या सर्वांचा समावेश होतो. निदान होते ते मूल्यमापनातून. केवळ एका चाचणीवरून कोणताही जबाबदार तज्ज्ञ निदान करीत नाही.

थोडा इतिहास

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यानंतर वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढे आला. कोणत्या मुलांना विशेष शिकवणीची गरज आहे हे शिक्षकांच्या मर्जीवर न सोडता ओळखता यावे, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये सोप्यापासून कठीणपर्यंत रचलेल्या प्रश्नांची श्रेणी तयार केली. मुलांना मदत मिळावी, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व कधीही न बदलणारी राशी आहे, या मताला बिने यांचा विरोध होता. पुढे अनेक देशांत याच चाचण्यांचा उपयोग माणसांना वगळण्यासाठीही झाला. चाचणीचा हेतू विचारणे का आवश्यक आहे, हे या इतिहासावरून कळते.

भारतात ही साधने जशीच्या तशी वापरणे योग्य नव्हते. पॅरिसच्या मुलाला परिचित असलेली वस्तू धारवाडच्या मुलाने पाहिलेलीही नसेल. म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे कन्नड आणि मराठी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही ओळखली जाते. चंद्रमोहन भाटिया यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांचाही विचार करून, ठोकळे व आकृत्या यांवर आधारलेली कृतिचाचणी रचली. नागपूर येथे आर्थर मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमत्ता श्रेणी सिद्ध केली. बडोदा येथे प्रमिला फाटक यांनी जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बालकांच्या विकासाची मानके तयार केली. आपल्या मुलांना आपल्याच मुलांच्या मापाने मोजावे, हा या सर्व प्रयत्नांमागील विचार होता.

चांगल्या चाचणीची चार तत्त्वे

१. प्रमाणीकरण. चाचणी देणाऱ्या प्रत्येकाला सूचना, वेळ, साहित्य आणि गुणदानाचे नियम सारखेच असावे लागतात. एका मुलाला इशारा दिला आणि दुसऱ्याला दिला नाही, तर दोघांच्या गुणांची तुलना करता येत नाही. म्हणूनच चाचणी घेताना तज्ज्ञ कधी कधी कोरडे वाटतात. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे सांगत नाहीत. तो रुक्षपणा नसून नियम असतो.

२. मानके. अंगणवाडीतील वाढीचा तक्ता आपण पाहिला असेल. बाळाचे वजन नऊ किलो आहे, एवढ्याने काही कळत नाही. त्या वयाच्या इतर बाळांचे वजन किती असते, हे पाहावे लागते. चाचणीतील गुणांचेही तसेच आहे. वय, भाषा, शिक्षण आणि परिसर यांबाबत आपल्यासारख्या लोकांशी तुलना झाली, तरच गुणांना अर्थ येतो.

३. विश्वसनीयता. एकच धान्य एकाच तराजूत सकाळी पाच किलो आणि दुपारी सात किलो भरले, तर आपण तो तराजू बाजूला ठेवू. चांगली चाचणी योग्य अंतराने पुन्हा घेतली, किंवा दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने घेतली, तरी निष्कर्ष साधारण तोच यायला हवा. तंतोतंत तोच आकडा मात्र कोणत्याही चाचणीत येत नाही. रक्तदाबही दोनदा मोजला, तर थोडा फरक दिसतोच.

४. यथार्थता. जे मोजायचे आहे तेच चाचणी मोजते का, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तापमापी कितीही अचूक असली तरी तिने उंची मोजता येत नाही. मुलाला न येणाऱ्या भाषेत बुद्धिमत्ता चाचणी घेतली, तर प्रत्यक्षात मोजली जाते ती त्या भाषेची जाण. तिला बुद्धी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मुख्य प्रकार

चाळणी चाचण्या. या छोट्या असतात आणि ‘अधिक तपासणी हवी का?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. तीस वर्षांवरील नागरिकांसाठी आशा ताई घरी येऊन जी तपासणी सूची भरतात, तीत मनःस्थितीविषयी दोन प्रश्न असतात : गेल्या दोन आठवड्यांत कामांतील रस किंवा आनंद कमी झाला का, आणि उदास, निराश वाटले का. दवाखान्यात नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची सूची वापरतात. तीत प्रत्येक उत्तराला ० ते ३ आणि एकूण ० ते २७ गुण असतात. चिंतेसाठी सात प्रश्नांची अशीच सूची आहे.

विकास चाचण्या. मान धरणे, बसणे, चालणे, शब्द उच्चारणे, हाकेला प्रतिसाद देणे हे टप्पे बाळ वेळेत गाठते का, हे या चाचण्या पाहतात. स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी चाळीस बाबींची भारतीय श्रेणीही उपलब्ध आहे. विलंब लवकर लक्षात आला, तर उपचारांचा लाभ अधिक होतो. ‘थांबून पाहू, याचे वडीलही उशिराच बोलू लागले’ या समजुतीत मोलाचा काळ गमावू नये.

बुद्धिमत्ता चाचण्या. शब्दांचे अर्थ, सामान्य ज्ञान, आकडेमोड हे शाब्दिक भाग आणि ठोकळे जुळवणे, चित्र पूर्ण करणे, आकृत्यांचा क्रम ओळखणे हे कृतिभाग यांत असतात. दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे पाहणे आवश्यक असते.

अनुकूलन वर्तनाच्या श्रेणी. स्वतः जेवणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे, पैशांचा व्यवहार करणे अशा दैनंदिन कौशल्यांविषयी पालकांना प्रश्न विचारले जातात. बौद्धिक अक्षमतेचे निदान करताना बुद्धिगुणांकाइतकेच या कौशल्यांना महत्त्व आहे.

अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या. वाचन, लेखन आणि गणित यांत, बुद्धी सामान्य असूनही, मुलाला विशेष अडचण येते का, हे यांतून कळते. अशी अनेक मुले ‘आळशी’ ठरवली जातात आणि मार खातात. चाचणीमुळे त्या अन्यायाला आळा बसू शकतो.

चेतामानसशास्त्रीय चाचण्या. पक्षाघात, डोक्याला मार, अपस्मार किंवा स्मृतिभ्रंशाची शंका असेल, तेव्हा स्मृती, एकाग्रता, भाषा आणि नियोजन यांची तपशीलवार तपासणी या चाचण्या करतात.

व्यक्तिमत्त्व चाचण्या. काहींमध्ये विधानांना ‘होय-नाही’ अशी उत्तरे द्यायची असतात. काहींमध्ये संदिग्ध चित्र पाहून गोष्ट सांगायची किंवा शाईच्या डागात काय दिसते हे सांगायचे असते. दुसऱ्या प्रकाराला प्रक्षेपण चाचणी म्हणतात. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेली रोर्शाक यांची दहा डागांची चाचणी या गटात मोडते. अशा चाचण्यांचा अर्थ लावण्यात तज्ज्ञाच्या मताचा वाटा मोठा असतो. म्हणून त्यांच्यावर एकट्याने विसंबून राहू नये.

अभियोग्यता व अभिरुची चाचण्या. दहावी-बारावीनंतर कोणत्या क्षेत्रात कल व क्षमता आहे, याचा अंदाज या देतात. यांचा आजाराशी संबंध नसतो. त्यांचा निकाल हा सल्ला समजावा. आदेश समजू नये.

आकडा कसा वाचावा?

आज वापरात असलेल्या बहुतेक बुद्धिमत्ता चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते. सुमारे दोनतृतीयांश लोकांचे गुण ८५ ते ११५ या दरम्यान येतात. ७०च्या खाली गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत साधारण दोन असते. परंतु हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. साधारण पाच गुण इकडे-तिकडे होऊ शकतात, असे धरूनच तो वाचावा. अहवालात ७० लिहिलेले असेल, तर खरी क्षमता ६५ ते ७५च्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ होतो. झोप न झालेले, ताप असलेले किंवा अनोळखी खोलीत घाबरलेले मूल आपल्या क्षमतेपेक्षा कमी गुण मिळवते.

चाळणी चाचणीचा निकाल वाचताना आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एक हजार लोकांपैकी ५० जणांना खरोखर एखादा मानसिक आजार आहे. चाळणी चाचणी त्या ५० पैकी ४० जणांना ओळखते, आणि आजार नसलेल्या ९५० जणांपैकी ९५ जणांनाही चुकून ‘शंका आहे’ असे दाखवते. म्हणजे शंका असलेले एकूण १३५ झाले. त्यांतील आजारी केवळ ४०. यावरून दोन गोष्टी कळतात. शंका दाखवली गेली म्हणजे आजार आहेच, असे नाही; पुढील तपासणी करून घ्यावी. आणि चाचणीतून सुटलेले दहा जणही आहेत. म्हणून निकाल ‘ठीक’ आला तरी त्रास होत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

या हिशेबाला एक अपवाद आहे. नैराश्याच्या सूचीतील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर ‘होय’च्या दिशेने असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

एक उदाहरण

पुढील प्रसंग समजावून सांगण्यासाठी कल्पिलेला आहे. एक मराठी कुटुंब कामासाठी सुरतला गेले. नऊ वर्षांची मुलगी गुजराती माध्यमाच्या शाळेत दाखल झाली. दोन वर्षे ती वर्गात गप्प राहिली. शिक्षकांनी बुद्धिमत्ता चाचणी सुचवली. ती गुजरातीत घेतली गेली आणि एकूण गुण सीमारेषेजवळ आले. ‘हिला जमणार नाही’ असा समज घरात आणि शाळेत पक्का होऊ लागला.

आईने जिल्हा रुग्णालयात अहवाल दाखवला. तेथील मानसशास्त्रज्ञांनी दोन भाग वेगळे करून पाहिले. शाब्दिक भागात गुण ७० होते; कृतिभागात ९६. एवढी तफावत असताना दोन्हींची सरासरी काढून मुलीविषयी मत बनवणे चुकीचे होते. त्यांनी विचारले, ‘घरी हाक मारल्यावर ही लगेच वळून पाहते का?’ आई म्हणाली, ‘पाठीमागून मारली तर नाही पाहत. आम्हाला वाटायचे, आपल्याच नादात असते.’ श्रवण तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साचल्याचे आढळले. वारंवार होणाऱ्या सर्दीकडे दुर्लक्ष झाले होते. मुलीला कमी ऐकू येत होते, आणि जे ऐकू येत होते ते अपरिचित भाषेत होते. कानांवर उपचार झाले. पहिल्या बाकावर जागा मिळाली. पुढील वर्षी घरच्या भाषेत पुन्हा मूल्यमापन झाले, तेव्हा शाब्दिक भागातील गुण सरासरीच्या कक्षेत आले.

पहिल्या चाचणीचे गणित बरोबर होते. तिचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. म्हणूनच बुद्धिमत्ता चाचणीपूर्वी मुलाची दृष्टी व श्रवण तपासणे आणि त्याच्या घरी बोलली जाणारी भाषा विचारणे, या दोन गोष्टी वगळू नयेत. भारतात लक्षावधी कुटुंबे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन राहतात. त्यांच्या मुलांबाबत हा प्रश्न नेहमीच विचारला जावा.

ज्येष्ठ नागरिकांबाबत

हीच काळजी वृद्धांबाबतही घ्यावी लागते. स्मरणशक्तीच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या एका तीस गुणांच्या चाचणीत वाक्य वाचून त्याप्रमाणे करणे, एक वाक्य लिहिणे आणि शंभरातून सात-सात वजा करत जाणे अशी कामे आहेत. ज्या आजींनी कधी पाटी धरली नाही, त्यांचे गुण येथे कमीच येणार. त्यांची स्मृती शाबूत असली तरीही. म्हणून हरियाणातील बल्लभगड परिसरात निरक्षर ज्येष्ठांसाठी या चाचणीचे हिंदी रूपांतर करण्यात आले. त्यात लेखन-वाचनाची कामे बदलून रोजच्या जीवनातील कामे घेतली गेली; उदाहरणार्थ, आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगणे. आपल्या घरातील ज्येष्ठांचे शिक्षण किती झाले आहे, हे तज्ज्ञांना सुरुवातीलाच सांगावे.

तसेच, विसराळूपणा किंवा उदासपणा आढळला म्हणजे कारण मेंदूत किंवा मनातच असते, असे नाही. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, काही औषधे, बहिरेपणा आणि नैराश्य यांमुळेही स्मृती मंद झाल्यासारखी दिसते. यांतील अनेक कारणांवर उपचार आहेत.

चाचणीची तयारी

• आदल्या रात्री पुरेशी झोप व सकाळी नाश्ता झालेला असावा. आजारी असल्यास दुसरी तारीख मागावी.
• चष्मा व श्रवणयंत्र सोबत न्यावे. चालू औषधांची यादी न्यावी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध बंद करू नये.
• जुने अहवाल, लसीकरणाचे कार्ड, शाळेच्या वह्या व प्रगतिपुस्तक बरोबर ठेवावे.
• मुलाला खरे सांगावे : ‘काही कोडी आहेत, काही गप्पा आहेत. काही सोपे असेल, काही अवघड असेल. येथे कोणी नापास होत नाही.’ बक्षिसाचे आमिष किंवा धाक दाखवू नये.
• चाचणीचे प्रश्न आधी मिळवून सराव करून घेऊ नये. तसे केल्यास निकाल निरुपयोगी ठरतो आणि मुलाला आवश्यक असलेली मदत हुकते.
• पूर्ण मूल्यमापनाला एकाहून अधिक बैठका लागू शकतात. घाई करू नये.

आपले हक्क

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आरोग्याविषयीच्या माहितीची गोपनीयता राखली जाण्याचा हक्क आहे. कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद, जसे की कोणाच्या जिवाला धोका असणे, वगळता ती माहिती इतरांना देता येत नाही. आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचाही हक्क या कायद्याने दिलेला आहे. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्याच कारणावरून आज कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही.

चाचणीपूर्वी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

• ही चाचणी कशासाठी आहे? तिच्यामुळे उपचारांत काय बदलेल?
• ती कोणत्या भाषेत घेतली जाईल? तिची मानके भारतीय आहेत का?
• चाचणी घेणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का? चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारणे उद्धटपणाचे नाही.
• अहवाल कोणाला दिला जाईल? तो आम्हाला समजेल अशा भाषेत कोण सांगेल?
• पुढे काय करायचे?

शेवटचा प्रश्न विसरू नये. केवळ आकडा देणारा आणि मार्ग न दाखवणारा अहवाल अपुरा आहे.

अक्षमतेचे मूल्यमापन झाल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होतो. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांसह २१ अक्षमतांचा समावेश आहे. अधिकृत वैद्यकीय प्राधिकाऱ्याने ४० टक्के किंवा अधिक अक्षमता प्रमाणित केल्यास शिक्षण, आरक्षण व इतर सवलतींचे लाभ मिळू शकतात. प्रमाणपत्र हा मुलावरचा डाग नाही. त्याच्या हक्काच्या मदतीचे दार त्याने उघडते.

सावध राहा

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता, स्वभाव आणि भविष्यातील व्यवसाय सांगण्याचा दावा करणारे अनेक जण आहेत. त्यासाठी मोठी रक्कम घेतली जाते आणि रंगीत आलेख असलेला जाड अहवाल दिला जातो. अशा दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. मोबाईलवर काही मिनिटांत बुद्धिगुणांक सांगणाऱ्या किंवा ‘आपल्याला अमुक विकार आहे’ असे घोषित करणाऱ्या प्रश्नावल्यांवरून निर्णय घेऊ नये. त्यांतील एखाद्या प्रश्नाने आपणांस अस्वस्थ केले असेल, तर तो प्रश्न घेऊन दवाखान्यात यावे. उत्तर तेथे शोधावे.

कोठे जावे?

• मनःस्थितीविषयी शंका असल्यास आशा ताई किंवा जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर येथे प्रथम विचारावे.
• जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शासकीय शाळांत होते. विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.
• जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत, तसेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत तज्ज्ञांचा सल्ला मिळतो.
• टेली-मानस या राष्ट्रीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा विनामूल्य व चोवीस तास उपलब्ध असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. आपण देशात कोठेही राहत असलात, तरी याच क्रमांकावर दूरध्वनी करावा.

लक्षात ठेवा

• चाचणी हे साधन आहे; निदान मूल्यमापनातून होते.
• दृष्टी, श्रवण, भाषा आणि शिक्षण यांचा विचार न करता काढलेला आकडा दिशाभूल करू शकतो.
• चाळणी चाचणीत शंका दिसली, तर घाबरू नये. पुढील तपासणी टाळूही नये.
• स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर गुणांची वाट न पाहता आजच मदत घ्यावी.
• अहवाल समजावून घेणे हा आपला हक्क आहे.

कपाटात घडी घालून ठेवलेला एखादा कागद आपल्याही घरात असेल, तर तो आज बाहेर काढावा आणि येत्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा. त्यावरील आकड्याचा अर्थ त्यांच्याकडून समजून घ्यावा. आपल्या मुलाविषयी, आईविषयी किंवा स्वतःविषयी आपणांस जे ठाऊक आहे, तेही त्यांना सांगावे. मूल्यमापन पूर्ण व्हायला त्या माहितीचीही तितकीच गरज असते.

जनहितार्थ प्रसारित